लाल फितीच्या टाक्या

१

गुरुवारी सकाळी लाल फितीच्या चारही टाक्यांतली मासोळी पोट वर करून तरंगत होती. पिवळ्या फितीच्या चार टाक्यांत मात्र काहीच झालेलं नव्हतं. तिथली मासोळी रोजच्यासारखी खाण्याची वाट पाहत काठाशी घोटाळत होती.

बोरी अरबजवळच्या तलावाच्या बांधाखाली, हिरव्या जाळीच्या सावलीत, या आठ सिमेंटच्या टाक्या आहेत. मी पोचलो तेव्हा तिथं अर्धं गाव जमलं होतं. मी सहसा गर्दीत जात नाही. सगळी नोकरी दारव्ह्याच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर गावी परतलो तरी माणसांत मिसळायचं जमलं नाही. पण टाक्यांचं काम पाहणारी सुरभी माझ्याकडून वाचायला पुस्तकं नेते. गावात माझ्याशी पुस्तकांवर बोलणारी ती एकटीच. म्हणून गेलो.

सुरभी एका संशोधन संस्थेत नोकरीला आहे आणि इथं माशांच्या खाद्यावर प्रयोग करते. बाजारच्या खाद्यात समुद्रातल्या सुक्या मासळीची भुकटी घालतात. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण सरकी आहे, सोयाबीन आहे. सरकीची ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरलेली पेंड, सोयाबीनची ढेप आणि भाजीबाजारातल्या कचऱ्यावर वाढवलेल्या माशीच्या वाळक्या अळ्या, एवढ्यावर रोहू पोसता येईल का, हे तिला पाहायचं होतं. चार टाक्यांना नवं खाद्य, चार टाक्यांना बाजारचं. कोणत्या टाकीला कोणतं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि टाक्यांना लाल-पिवळ्या फिती बांधल्या. लाल म्हणजे काय आणि पिवळं म्हणजे काय, हे दोघींनाच माहीत होतं. एक सुरभी, दुसऱ्या खाद्य तयार करणाऱ्या बचत गटाच्या विमलताई. खाऊ घालणाऱ्याला कळलं तर आवडत्या टाकीत नकळत मूठभर जास्त पडतं, म्हणून ही गुप्तता.

मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष बाबूसिंग टाकीच्या कठड्याला हात टेकून उभे होते. टाक्यांची जागा संस्थेचीच.

“मॅडम,” ते म्हणाले, “आता तरी सांगा. लाल कोणतं?”

सुरभी पुढे आली. “लाल म्हणजे बाजारचं खाद्य. पिवळं माझं.”

“लाल कंपनीचं?” फावडं घेऊन उभ्या असलेल्या भगवानरावांनी विचारलं.

“हो.”

“नक्की? लाल कंपनीचं?”

त्यांना कमी ऐकू येत असावं, असं मला वाटलं. मागून कोणीतरी म्हणालं, “म्हंजे कंपनीचं खाल्लेली सारी मेली अन् मॅडमची सारी जिती राह्यली. मस्त परयोग हाय.”

कोणी हसलं नाही. ते वाक्य मात्र तिथंच पडून राहिलं, आणि एकेक जण सुरभीकडे पाहू लागला.

बाबूसिंगांनी घसा साफ केला. “रविवारी संस्थेची सभा हाय. मॅडमनं हे केलं असंन तर टाक्या बंद, अन् त्यायच्या संस्थेले पत्र. नसंन केलं तर कोनं केलं ते समजलं पाह्यजे. किसनराव, तुमी पाहा.”

“मी?”

“तुमचं गावात कोणाशी वाकडं नाई.”

वाकडं नाही, कारण बोलणंच नाही. मला हे जमणार नाही, असं मी म्हणालो. ते इतक्या हळू म्हणालो की कोणालाच ऐकू गेलं नाही, आणि ठरून गेलं.

२

माणसं पांगल्यावर सुरभीनं मला लाल फितीची टाकी दाखवली. टाकीत हवा सोडणारी नळी चालूच होती. बुडबुडे वर येत होते आणि पाण्यावर फेसाचा ढीग जमत होता, धुण्याच्या बादलीत जमतो तसा. पिवळ्या टाक्यांत बुडबुडे येत आणि फुटून जात. फेस नव्हता.

मी बोट बुडवलं. पाणी बुळबुळीत लागलं.

“हात धुऊन घ्या,” ती म्हणाली. “आपल्याकडे कापसावर काय काय फवारतात, तुम्हाला माहीत आहे. त्यातलंच काही असेल. किंवा कपड्यांचा साबण. पाणी नागपूरला तपासायला पाठवलंय, पण रविवारपर्यंत काही येणार नाही.”

“हवा कमी पडली असेल?”

“आठही टाक्यांना एकच यंत्र आहे. मेली असती तर सगळी मेली असती.” ती कठड्यावर बसली. “काका, गोपाळला मी सांगितलंय, सगळी मासोळी खड्ड्यात पुरायची. कोणी एकही खायची नाही. मासोळीत विष असेल आणि कोणाच्या पोरानं खाल्ली तर?”

मी मान हलवली.

“माझं वर्ष गेलं. बाजारचं खाद्य खाणारी मासोळीच राहिली नाही, तर माझं खाद्य बरं की वाईट, हे कशाशी ताडून पाहू? माझी चांगली वाढलीय, पण कशापेक्षा चांगली?” मग ती थांबली. “पण लोकांना ते नाही कळत. लोकांना एवढंच दिसतं की कंपनीची मेली, माझी जगली. माझ्या वरिष्ठांनाही तेच दिसेल. रविवारी पत्र गेलं तर नोकरी गेली. तुम्हालाही वाटतं का, मीच केलं?”

“मला अजून काहीच वाटत नाही,” मी म्हणालो.

हे पूर्ण खरं नव्हतं. ती निर्दोष असावी असं मला फार वाटत होतं, आणि म्हणूनच माझा माझ्यावर भरवसा नव्हता. जे आपल्याला हवं असतं तेच आपल्याला दिसतं. तिनं खाऊ घालणाऱ्यापासून फितीचं गुपित राखलं, ते याच भीतीनं. माझ्यापासून मला कोण राखणार?

निघताना मी दोन्ही खाद्यांच्या थोड्या थोड्या गोळ्या खिशात टाकल्या. लाल डब्यातल्या काळपट होत्या, पिवळ्या डब्यातल्या फिकट, बेसनासारख्या.

३

कोण कुठं होतं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. आदल्या संध्याकाळी बाबूसिंगांच्या नातीचा साखरपुडा तांड्यावर झाला होता आणि टाक्यांवर कोणीच नव्हतं. सगळं गाव पंगतीत होतं, आणि पंगतीतून कोण कधी उठून गेलं हे कोणी पाहत नाही. मी एवढंच ठरवलं की ज्याच्याकडे जायचं त्याला बोलू द्यायचं.

गोपाळ टाक्यांना रोज खाद्य घालतो. तो खड्ड्याजवळ नवी माती दाबत होता. पाय अनवाणी होते.

“चपला?”

“फेकल्या जी. ते पाणी लागलं न त्याले. ज्या पोत्यात मासोळी भरली, ते पोतंबी जाळलं. हात तर असे घासले का सालटं निघालं.” त्यानं हात पुढे करून दाखवले. “भगवानरावनं फावडं धरलं म्हणून बरं. ते एकटेच मासोळीले हात लावत होते. मी म्हनलं, मालक, काडी घ्या. ते म्हनले, अरे मासोळीच हाय, चावते का?”

मी खिशातल्या गोळ्या काढल्या. “गोपाळ, यातलं सरकीचं कोणतं?”

“काळं,” तो लगेच म्हणाला. “सरकीची ढेप काळीच असते. मॅडम सांगत नाई, पण इतकं तं मले समजते.” मग त्याला सकाळचं आठवलं असावं. “पण मॅडम तं म्हनल्या का लाल कंपनीचं. लाल डब्यात तं काळं हाय.” तो माझ्याकडे पाहत राहिला. “हे काय उलटंच निघालं काय?”

 मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बचत गटाची शेड पलीकडेच आहे. विमलताई अळ्यांच्या ट्रेवर वाकल्या होत्या. मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, “या किसनभाऊ. मले विचारा, मीच मारली का म्हणून. काल तं काकडीच्या सालीइतकी किंमत नव्हती आमच्या खाद्याची, आज गाव म्हनते का यायनं त्याच्यासाठी खून केले.”

“तसं नाही. सरकी पिवळी कशी होते, ते विचारायचं होतं.”

“टरफल काढलं का पिवळीच राह्यते. काळं असते ते टरफलाचं. मासोळीले टरफल पचत नाई, म्हणून आमी आधी चाळतो, मंग भिजवतो, वाफवतो.” त्यांनी कोपऱ्यातली टरफलांची पोती दाखवली. “हे जनावराले चालते. दारव्ह्याचा पेंडवाला घेऊन जाते.”

अंकुर दारव्ह्याला कंपनीच्या खाद्याची एजन्सी चालवतो. सुरभीखालोखाल गावाचा संशय त्याच्यावर होता, कारण सुरभीचा प्रयोग यशस्वी झाला तर सगळ्यात आधी त्याचाच माल उठणं बंद होईल. योगायोगानं तो मच्छीमार संस्थेकडेच आला होता. मोटारसायकलवरून न उतरताच म्हणाला, “काका, मी आधीच सांगतो. मी नाही. माझ्याच मालाची मासोळी मेली. उद्या लोक म्हणतील कंपनीचं खाद्यच विषारी. माझंच तोंड काळं झालं ना?”

मी हात पुढे केला. त्यानं न विचारता काळी गोळी उचलली, फोडली, हुंगली.

“ही आपली. कुठं सापडली? आणि ही फिकी कोणाची? पहिल्यांदाच पाहतोय.”

मी हात खिशात घातला. सकाळपासून डोक्यात जे अस्पष्ट फिरत होतं, त्याला आकार यायला लागला होता. पण तो आकार मला हवाहवासा होता, आणि म्हणूनच मी त्याला लगेच जवळ येऊ दिलं नाही.

४

दुपारी मी भगवानरावांकडे गेलो. खरं तर त्यांच्यावर संशय म्हणून नाही. पुरताना ते हजर होते, त्यांनी काही पाहिलं असेल म्हणून. भगवानराव आमच्या गावचे जुने शेतकरी. दहा-बारा म्हशी, दारव्ह्याला दूध. रस्त्यात सुतळीचा तुकडा दिसला तरी उचलतील, कापसाच्या गाडीतून सांडलेलं बोंड खिशात घालतील. गावातली पोरं त्यावरून चिडवतात, पण दुष्काळात त्यांच्याच घरी वैरण शिल्लक असते.

ते शेतात गेले होते. त्यांच्या बायकोनं, नंदाबाईंनी, मला गोठ्याच्या पडवीत बसायला सांगितलं.

“त्या पोत्यावर नका बसू, किसनभाऊ. मोहाची ढेप हाय ते, कपड्याले वास लागते. बाजेवर बसा.”

“म्हशींना देता?”

“म्हशी तोंड नाई लावत त्याले. संत्र्याच्या झाडाले खत म्हणून आणते हे.” त्या आत गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, “जेवूनच जा. आज मासोळी केली.”

मी नको म्हणालो. पण मी नको म्हणतो तेव्हा लोकांना ते हो वाटतं. ताट आलं. ज्वारीची भाकर, रस्सा आणि वर अख्ख्या तळलेल्या मासोळ्या, हाताच्या पंजाएवढ्या, सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या. मी त्या नीटसपणाचं मनात कौतुकही केलं.

“वहिनी, सकाळी टाक्यांवर असं झालं, आणि...”

“मीबी तेच म्हनलं का आज नको. हे म्हनले, खा, काही होत नाई. त्या टाक्याइचा अन् याचा काय संबंध? ताजी हाय.”

मी जेवलो. चांगली झाली होती. दुसऱ्या मासोळीचे काटे काढत असताना दारात सावली पडली. भगवानराव होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि उंबऱ्यातच थांबले. इतका वेळ की नंदाबाईंनी विचारलं, “आत नाई येत काय?”

“खा, खा,” ते मला म्हणाले आणि पाय धुवायला मागे गेले.

परत आले तेव्हा मी विचारलं, पुरताना काही वेगळं दिसलं का. ते म्हणाले, नाही. मग काही वेळानं स्वतःहून बोलू लागले.

“किसनराव, तुमी शिकलेले. मले एक सांगा. सरकीची ढेप कोणाची? जनावराची. माझ्या बापानं दिली, आज्यानं दिली. ढेप खाते म्हणून म्हैस दूध देते. उद्या ह्या बाया सारी ढेप माशाले चारतीन, तं जनावरानं काय कागद खायचे? आताच भाव पाहा. मुक्या जनावराच्या तोंडचं काढून पाण्यात फेकायचं, हे कोणतं संशोधन हाय?”

“तुम्ही सुरभीशी बोललात का?”

“ते काय मायं ऐकनार हाय?”

तेवढ्यात पलीकडच्या वाड्यात दुधाच्या कॅनचं झाकण पडलं. फार हळू पडलं, मला जेमतेम ऐकू आलं. भगवानराव लगेच म्हणाले, “मांजर हाय. हाकला ओ.”

मी हात धुतला, आभार मानले आणि निघालो. रस्त्यात मध्येच थांबलो. सकाळी मला वाटलं होतं, या माणसाला कमी ऐकू येतं.

५

शुक्रवारी दिवसभर मी घरी बसून होतो. पोटात काही होतंय का, याकडे लक्ष देत होतो. काही झालं नाही.

संध्याकाळी बाबूसिंग घरी आले. “काही समजलं काय, किसनराव?”

“तुमची मासोळी कोणी घेतली का गुरुवारी? बसस्टँडवर विकता ती?”

“कुठून घेईन? होती कुठी मासोळी? बुधवारी साखरपुडा, जाळंच टाकलं नाई. सारे पोट्टे तांड्यावर. गुरुवारी हे झालं, तं मीच जाळं बंद केलं. अन् असती तरी कोनं घेतली असती? लोक पानी प्याले भेतात.”

“तलावातली मासोळी कशी असते? सगळी एका मापाची?”

ते हसले. “जाळ्यात लहान-मोठं सारंच येते. लहान आमी परत सोडतो. एका मापाची फक्त मॅडमची. त्यायनं सुरुवातीलेच मोजून-मापून एकसारखी निवडली होती.”

ते गेल्यावर मी दार लावून बसलो. मला आता दोन गोष्टी कळल्या होत्या, आणि दोन्ही मला आवडल्या नव्हत्या. एक, गुरुवारी दुपारी गावात ताजी मासोळी फक्त एकाच ठिकाणची असू शकत होती. दोन, ती मी खाल्ली होती.

सकाळी उठून टाक्यांवर गेलो. सुरभी पिवळ्या टाक्यांना स्वतः खाद्य घालत होती.

“मला एक मूर्खासारखं विचारायचंय,” मी म्हणालो. “असं काही असतं का, की ज्यानं मासोळी मरते, पण मेलेली मासोळी माणसानं खाल्ली तर काही होत नाही? आणि पाण्याला फेस येतो?”

तिचा हात डब्यातच थांबला.

“मोहाची ढेप,” ती म्हणाली. “तळ्यात नवी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायच्या आधी जुनी नको असलेली मासोळी मारायला वापरतात. तिच्यात साबणासारखा एक पदार्थ असतो, तो कल्ल्यांतून रक्तात जातो. मेलेली मासोळी लोक विकतातही. भिजवून नुसतं पाणी ओतलं तर टाकीत चोथासुद्धा दिसणार नाही.” मग ती हळू म्हणाली, “मला सुचायला हवं होतं. मी फवारणीच धरून बसले होते. पण माणसाला काही होत नाही, हे तुम्हाला कसं कळलं?”

“ते रविवारी सांगतो,” मी म्हणालो. मला सांगायची लाज वाटत होती.

६

सभा संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. बाबूसिंग मध्ये, सुरभी आणि विमलताई एका बाजूला, अंकुर दाराशी, गोपाळ खाली, नव्या चपला घालून. भगवानराव खांबाला टेकून बसले होते. नंदाबाई बायकांत होत्या. त्या नसत्या तर बरं झालं असतं.

मी उभा राहिलो. टेबलाचा काठ धरला.

“माझं चुकत असेल,” मी म्हणालो. “चुकलं तर कोणीही सांगावं.”

मी टेबलावर दोन गोळ्या ठेवल्या, एक काळी, एक फिकी, आणि विचारलं, सरकीची कोणती. शेडमधल्या जवळजवळ प्रत्येकानं काळीकडे बोट दाखवलं.

“फिकी,” मी म्हणालो. “टरफल काढल्यावर सरकी फिकी होते. काळी कंपनीची. गावात हे तिघांनाच माहीत होतं. सुरभी, विमलताई आणि अंकुर. अंकुर आपला माल वासावरून ओळखतो. त्याला नवं खाद्य बदनाम करायचं असतं, तर त्यानं स्वतःच्याच मालाची मासोळी मारली नसती. म्हणून अंकुर नाही.”

अंकुरनं दाराला टेकून हुश्श केलं.

“आता दोन गोष्टी शक्य आहेत. एकतर कंपनीचं खाद्य हरावं म्हणून सुरभीनं किंवा विमलताईंनी लाल टाक्यांत विष घातलं. नाहीतर ज्यानं घातलं त्याला नवं खाद्य बुडवायचं होतं, आणि काळी गोळी म्हणजे सरकी, असं समजून तो चुकीच्या टाक्यांपाशी गेला. दुसरी गोष्ट मला आवडते. पण मला आवडते म्हणून ती खरी ठरत नाही.”

“मंग?” बाबूसिंग म्हणाले.

“मग मी भीती पाहिली. त्या दिवशी सगळे घाबरले होते. सुरभीनं मासोळी पुरायला सांगितली, कारण कोणतं विष आहे ते तिला माहीत नव्हतं. गोपाळनं चपला फेकल्या, पोतं जाळलं. ज्यानं विष घातलं, त्यालाच फक्त माहीत होतं की ही मासोळी खाल्ली तर काही होत नाही. कारण ते विष मोहाच्या ढेपेचं होतं.”

शेडमध्ये चुळबुळ झाली. मोहाची ढेप सगळ्यांना माहीत होती. लहानपणी ओढ्याच्या डोहात ती टाकून मासोळी धरलेली माणसं तिथं बसली होती.

“हे खरं कशावरून?” कोणीतरी विचारलं. “पान्याचा रिपोट आला काय?”

“नाही.” मी टेबल घट्ट धरलं. “टाकीतली मासोळी एका माणसानं खाल्ली, त्याला काही झालं नाही.”

“कोनं खाल्ली?”

“मी.”

एवढी शांतता मी वाचनालयातही कधी अनुभवली नव्हती. मग गोपाळ म्हणाला, “पुरावाच खाऊन टाकला जी तुमी,” आणि दोन-तीन जण हसले.  कोणाच्या घरी खाल्ली, हे मला सांगायचं होतं आणि तोंडातून निघत नव्हतं. त्या घरचं मीठ मी खाल्लं होतं. मी नंदाबाईंकडे पाहिलं नाही, तरी त्यांच्या बांगड्यांचा आवाज थांबल्याचं मला कळलं.

“गुरुवारी दुपारी,” त्याच बोलल्या. “आमच्याच घरी जेवले हे.” मग नवऱ्याकडे वळल्या. “ते टाकीतली होती? मले तं म्हनलं संस्थेतून आणली.”

भगवानराव उठले नाहीत.

“मातीत घालत होते,” ते म्हणाले. “चांगली मासोळी. काही झालं नव्हतं तिले, मले माहीत होतं. फेकवली नाई मायाच्यानं. खड्ड्यात टाकतानी थोडी पंच्यात बांधली.” थोडं थांबून म्हणाले, “किसनरावले ताटावर पाह्यलं तवाच समजलं. पण पाव्हण्याच्या ताटातून घास कसा काढू?”

“काहून केलं, भगवानराव?” बाबूसिंगांनी विचारलं. रागानं नाही.

“ढेपेसाठी. ढेप जनावराची हाय. मासोळी मेली का बाया म्हनतीन सरकी चालत नाई, अन् ढेप परत गोठ्यात येईन. एवढंच होतं मनात. त्या पोरीवर येईन, हे नव्हतं.” त्यांनी सुरभीकडे पाहिलं. “लाल कंपनीचं हाय म्हनल्यावर मले काही सुचेच नाई.”

“तीन दिवस होते,” सुरभी म्हणाली.  “तीन दिवस तुम्हाला सुचलं नाही? लोक माझ्याकडे कसे बघत होते, ते तुम्ही बघत होतात.”

भगवानरावांनी मान खाली घातली. 

विमलताई उठल्या आणि टेबलावरची फिकी गोळी नेऊन त्यांच्या हातावर ठेवली.

“पाहा. तुमाले ढेपेतलं समजते.”

त्यांनी सवयीनं गोळी दाताखाली धरली. ढेप पारखताना ते नेहमी तसंच करतात. हळूहळू चावली.

“सरकीच हाय,” ते म्हणाले. “पन टरफल कुठी गेलं?”

“पेंडवाल्याकडे. तुमी दारव्ह्याहून नवी टरफलाची पोती आणता, म्हशी आवडीनं खातात म्हणून साऱ्या गावाले सांगता, ते आमच्याच शेडमधलं हाय. जनावरानं खायचं ते जनावरालेच जाते, भगवानभाऊ. मासोळीले तं उरलेला गर.”

भगवानराव ती गोळी चघळत राहिले. ज्या माणसानं आयुष्यात काही वाया जाऊ दिलं नाही, त्यानं सुरभीचं एक वर्ष वाया घालवलं होतं, आणि ते त्यांना आता दिसत होतं.

बाबूसिंगांनी निर्णय दिला. पोलिसांत जायचं की नाही ते मॅडमनं ठरवावं. सुरभी म्हणाली, पोलिसांत जाऊन माझी मासोळी परत येणार नाही. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून लावावा लागेल, आणि पाणी उपसण्यापासून सगळ्या कामाला माणूस लागेल.

“मी करतो,” भगवानराव म्हणाले. “पानी उपसतो, टाक्या घासतो. मोहाचं पानी संत्र्याले चालते, ते बी वाया नाई जात. खाद्य बी घालीन, विश्वास असंन तं.”

 गोपाळनं सुरभीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे पाहत होतो.

“गोपाळसोबत घाला,” ती शेवटी म्हणाली. “मी चिठ्ठ्या नव्यानं टाकीन. दोन्ही खाद्यांना एकच रंग देईन. लाल-पिवळ्या फितीही नाही, डब्यांवर नुसते टाक्यांचे आकडे.”

“बरं हाय,” ते म्हणाले. “कोणतं कोणाचं, ते मले सांगूच नका.”

“नाही सांगणार. पण एक अट आहे, काका.”

“बोला.”

“दाताखाली धरायचं नाही.”